बोकड शेवटी निवडा: कोल्हापूर भागात मटणासाठी संकरित शेळ्यांचा कळप उभा करताना

शेळीपालन करायचं मनावर घेतलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बोअरचा बोकड कुठं मिळतो?" बोअर ही मटणासाठी नावाजलेली परदेशी जात. मी नव्या माणसाला आधी हा प्रश्न बाजूला ठेवायला सांगतो. मटणासाठी संकर करायचा असेल तर बोकडाची जात ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग आपल्या गावचा पाऊस आणि चारा बघा, मग त्यात टिकणारी शेळी निवडा. हे तिन्ही पक्कं झालं की बोकड आपोआप दोन-तीन जातींवर येऊन ठेपतो. उलट्या क्रमानं गेलेले कळप मी आसपास पाहतो. बोकड देखणा असतो, त्याचे फोटो सगळीकडे फिरतात, आणि करडं विकायची वेळ आली की हिशोब जुळत नाही.

पहिली पायरी: माल कुणाच्या दारात जाणार?

आपल्याकडं मटणाला गिऱ्हाईक शोधायची गरज नाही. तांबडा-पांढरा रस्सा असलेल्या या जिल्ह्यात २०१९ च्या अखेरीला मटणाच्या दरावरून आंदोलन उभं राहिलं होतं, इतका हा घराघरातला विषय आहे. पण गिऱ्हाईक तीन प्रकारचं आहे आणि तिघांना एकच बोकड चालत नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वर्षभर घेणारा खाटीक. जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडतं. म्हणजे २४ किलोच्या बोकडातून ११-१२ किलो. लहान दुकानाला एवढा माल एका दिवसात संपवता येतो, आणि मटणही कोवळं असतं. ४५ किलोचा धिप्पाड बोकड घेऊन गेलात तर तो किलोला जास्त पैसे देईलच असं नाही. म्हणून शेड बांधायच्या आधी आपल्या भागातल्या तीन-चार खाटकांकडं जाऊन बसा. कोणतं वजन पाहिजे, वजनावर घेणार की नगावर, चरबी चालते का, हे त्यांच्याच तोंडून ऐका. नगावर घेणारा डोळ्यांनी अंदाज बांधतो आणि तो अंदाज त्याच्या फायद्याचा असतो, म्हणून घरून वजन करूनच निघायचं.

दुसरं गिऱ्हाईक जत्रा, म्हाई आणि आखाडाचं. इथं मागणी ठरावीक दिवसांत एकदम येते. काही घरांत देवाला एकरंगी काळाच बोकड लागतो. उस्मानाबादी काळ्या शेळीवर बोअर भरवला की करडांवर पांढरे-तांबडे पट्टे, ठिपके येतात. मटणाला त्यानं काही बिघडत नाही, पण त्या गिऱ्हाइकाला असा बोकड चालत नाही.

तिसरं बकरी ईदचं. इथं भाव सगळ्यात चांगला मिळतो आणि अटीही सगळ्यात कडक असतात. बोकड वर्षाचा पूर्ण हवा, आणि बहुतेकजण तोंड उघडून दोन दाती (मधले दोन पक्के दात आलेला) असल्याची खात्री करूनच घेतात. शिंग मोडलेलं, कान फाटलेला, लंगडा चालत नाही. ज्यांना ईदचा बाजार धरायचा आहे त्यांनी करडांची शिंगं डागू नयेत आणि कानातला बिल्ला नीट, मधोमध मारून घ्यावा. ईद दरवर्षी अंदाजे ११ दिवस अलीकडं येते. पाच महिने गाभणकाळ आणि त्यावर किमान बारा-तेरा महिने वाढ, म्हणजे आज शेळी भरवली तर माल दीड वर्षानंतरच्या ईदेला. कॅलेंडर समोर घेऊन उलटं मोजायचं.

दुसरी पायरी: पाऊस

कोल्हापूर हा एकच जिल्हा म्हणून सल्ला देणाऱ्याकडून सल्ला घेऊ नका. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळला त्याच्या एक दशांश जेमतेम. शिरोळ, हातकणंगले, कागल-गडहिंग्लजचा पूर्व भाग इथं कोरड्या हवेतली शेळी मजेत राहते. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि गगनबावडा इथं जून ते सप्टेंबर ओल हटत नाही. ओलीत खुरं कुजतात, करडांना न्यूमोनिया होतो, आणि पोटात जंत वाढतात. जंतांचा अंदाज घ्यायची सोपी रीत म्हणजे शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघणं. तो गुलाबी-लाल पाहिजे. फिकट पांढरा दिसला तर जंत रक्त पीत आहेत असं समजा आणि लेंड्या तपासून औषध द्या.

पश्चिम भागात जातीच्या आधी जमीन उचलावी लागते. तीन-चार फूट उंच लाकडी फळ्यांचा माच, फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाच्या आसपास फट, आणि पावसाच्या दिशेला बंद भिंत. एवढं नसेल तर बाहेरची कोणतीही जात तिकडं नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांना दुसराच प्रश्न आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर जिथवर आला होता, त्या रेषेच्या वर गोठा हवा.

चाऱ्याचंही इथंच बघून घ्या. आपल्याकडं गळीत हंगामात उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) फुकटात मिळतं म्हणून अनेकजण शेळीचा सगळा संसार वाड्यावर मांडतात. वाड्यात ऑक्झलेट असतं आणि ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या आणि गाभण शेळीला त्याचा फटका बसतो. शेळी मुळात पाला ओरबाडणारं जनावर आहे. बांधाला शेवरी, सुबाभूळ, हादगा लावा, दशरथ घास किंवा लुसर्णाचा तुकडा करा, जोडीला शाळूचा कडबा आणि तुरी-हरभऱ्याचं भुसकट ठेवा. हे उभं झाल्याशिवाय मोठ्या अंगाचा बोकड आणू नये. संकरित करडाची वाढ त्याच्या रक्तात असली तरी ती बाहेर येते गव्हाणीतून. अर्धपोटी ठेवलेल्या संकरित आणि गावठी करडांत फारसा फरक उरत नाही.

तिसरी पायरी: आई

मटणाच्या कळपात पैसा आणते ती शेळी. वेळेवर माजावर येणारी, जुळी देणारी, दोन्ही करडं पाजून वाढवणारी आणि आपल्या हवेत आजारी न पडणारी. हे गुण बाहेरून आणलेल्या बोकडानं एका पिढीत येत नाहीत, ते आधीच कळपात असावे लागतात.

जिल्ह्याच्या पूर्व आणि मध्य भागासाठी माझा कौल उस्मानाबादीला आहे. धाराशिव, लातूर, सोलापूरकडची ही जात, बहुतेक काळी. मोठी मादी ३०-३२ किलोच्या घरात भरते. अंगानं ती बेताची आहे, पण जुळी देण्यात आणि कमी चाऱ्यावर निभावण्यात तिला तोड नाही. व्यवस्थित सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत देते. पश्चिमेच्या पावसाळी तालुक्यांसाठी कोकण कन्याळ बघा. ही सिंधुदुर्गची, म्हणजे आपल्या घाटाखालचीच शेळी. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तिच्यावर काम केलं आणि ती जास्त पावसाच्या हवेत मुरलेली आहे. संगमनेरी दुधाला आणि मटणाला दोन्हीकडं बरी, पण कोल्हापुरात ती आवर्जून आणावी असं कारण मला दिसत नाही.

खरेदी वडगाव, आटपाडी, सांगोल्याच्या बाजारातून होते, पण पहिला कळप शक्यतो बाजारातून उचलू नका. बाजारात विकायला आलेल्या शेळीत काहीतरी उणं असू शकतं आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची) लागण तिथंच होते. अहिल्यादेवींच्या नावाच्या राज्य मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आपल्या आवाक्यात आहेत: रांजणी सांगली जिल्ह्यात, दहिवडी साताऱ्यात, महूद सोलापुरात. नाहीतर चांगल्या पाळणाऱ्याच्या दारातून, आई आणि बहिणी बघून पाटी (अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या) घ्या.

चौथी पायरी: संकर कुठं थांबवायचा?

नवीन माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

उस्मानाबादी शेळीवर बोअर बोकड भरवला की जन्मलेल्या करडात दोन्ही रक्तं निम्मी-निम्मी येतात. संकराचा जोम, म्हणजे दोन जाती मिसळल्यानं करडांत येणारा जादा जोर, या पहिल्या पिढीत पूर्ण असतो. करडं जोरकस असतात, पटापट वाढतात. मग होतं असं की त्या देखण्या अर्ध्या रक्ताच्या पाटी विकवत नाहीत. त्या ठेवल्या आणि अर्ध्या रक्ताच्याच बोकडाला दिल्या, तर पुढच्या पिढीत जोम निम्म्यावर येतो आणि करडं एकसारखी निघत नाहीत. एक आजीवर जातं, एक आजोबावर. पुन्हा शुद्ध बोअरला दिल्या तर रक्त ७५ टक्के होतं, अंग वाढतं, खुराक वाढतो, पण जोम तिथंही निम्माच राहतो आणि उस्मानाबादी आईचे गुण पातळ होत जातात. आणि त्या पाटी त्यांच्या बापालाच लागल्या, तर निकट पैदाशीचं प्रमाण थेट २५ टक्क्यांवर जातं. अशी करडं कमजोर, मरतुकडी निघतात. जोडीला बाप-लेक एकाच गोठ्यात मोकळे असतील तर हे तुमच्या नकळत घडतं.

म्हणून कळप उभा करतानाच कागदावर लिहून ठेवा: संकरित नर-मादी सगळी विक्रीला, एकही पैदाशीला नाही. मग नवीन शेळ्या येणार कुठून? त्यासाठी कळपाचे दोन भाग करायचे. २५ शेळ्या असतील तर त्यातल्या सगळ्यात चांगल्या आठ-दहा उस्मानाबादी बोकडालाच भरवायच्या. त्यांच्या पाटी कळपात राहतील. उरलेल्या पंधरा-सोळा शेळ्यांवर मटणाचा बोकड. पहिल्या वेताच्या पाटींनाही मोठ्या अंगाचा बोकड देऊ नका. करडू मोठं पडलं की विताना अडतं आणि पाट हातची जाते. पहिलं वेत देशी बोकडाचं, दुसऱ्यापासून संकर.

थोडा अनुभव आल्यावर तिहेरी संकर करता येतो: उस्मानाबादीवर सिरोही घालून अंगानं मोठ्या पाटी तयार करायच्या, आणि त्यांच्यावर शेवटचा बोकड बोअर. यात आईकडूनही जोम मिळतो. पण त्यासाठी तीन जातींचे बोकड आणि चोख नोंदी लागतात. पहिली तीन-चार वर्षं याच्या नादी लागू नका.

पाचवी पायरी: आता बोकडाची जात

बोअर दक्षिण आफ्रिकेचा. पांढरं अंग, तांबडं डोकं, शुद्ध नर शंभर किलोच्या पुढं जातो. भारतात तो प्रथम आणला फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं. मांस भरण्यात याच्या जोडीला दुसरी जात नाही. अट एकच, करडांना गोठ्यात बसून भरपेट मिळायला पाहिजे. चरायला सोडून वाढवणाऱ्यांनी बोअरचा विचार सोडून द्यावा. शिवाय बोअर म्हणून विकले जाणारे कितीतरी बोकड निम्म्या नाहीतर पाऊण रक्ताचे असतात. निम्म्या रक्ताच्या बोकडाची करडं पाव रक्ताची होतात, आणि त्यासाठी शुद्ध बोकडाचे पैसे मोजायचं कारण नाही.

सिरोही राजस्थानची. तपकिरी, गडद डागांची, काटक. अर्धबंदिस्त पाळणाऱ्यांना मी बोअरच्या आधी ही सुचवतो. ईदेचा बाजार डोळ्यांसमोर असेल तर राजस्थानच्याच सोजत जातीकडं बघावं. गोरं, गुलाबी झाक असलेलं उंच जनावर तिथं लगेच उठतं. जमनापारी आणि बीटल मोठ्या असल्या तरी मुळात दुधाकडं झुकणाऱ्या, उशिरा भरणाऱ्या. कोवळं मटण मागणाऱ्या आपल्या खाटकासाठी त्या माझ्या यादीत नाहीत. बारबरी बंदिस्तात उत्तम राहते पण अंगानं लहान, तिनं उस्मानाबादीचं वजन वाढणार नाही. पश्चिमेच्या तालुक्यांत कन्याळवर कन्याळचाच निवडक बोकड वापरणं मला आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

महाग बोकड परवडतो का, याचा हिशोब असा मांडा. मटणाच्या बोकडाला लागणाऱ्या २५ शेळ्या, दोन वर्षांत तीन वेतं, वेताला सरासरी दीड करडू, दहा टक्के मर धरली तर दोन वर्षांत शंभरेक करडं. समजा देशी बोकड १५ हजारांना आणि बोअर ६० हजारांना पडला. जादाचे ४५ हजार शंभर करडांवर वाटले तर करडामागं ४५० रुपये. जिवंत वजनाचा भाव किलोला ४०० धरला तर सव्वा किलोहून कमी जादा वजनात बोकड वसूल. पण शेळ्या पाचच असतील तर करडं वीस, करडामागं सव्वादोन हजार, म्हणजे साडेपाच किलो जादा वजन निव्वळ बोकडापायी काढावं लागेल, खुराक वेगळाच. लहान कळपवाल्यांनी चार-पाच जणांत मिळून बोकड घ्यावा किंवा गोठवलेल्या वीर्यानं कृत्रिम रेतनाची सोय बघावी. आकडे तुमच्या बाजारचे घाला, रीत हीच ठेवा. आणि भाव खाटकाचाच धरा. "पैदाशीसाठी करडं विकू, दुप्पट भाव मिळेल" हे गणित बोकड विकणारा सांगतो. सगळेच पैदाशीचा माल विकायला निघाले की घेणारा राहत नाही.

सहावी पायरी: प्रत्यक्ष जनावर

जात ठरली, आता दहा बोकडांतून एक. तो जुळ्यातला असावा आणि त्याची आई समोर दाखवता यावी. तोंड उघडा: दुधाचे दात असतील तर वर्षाच्या आतला, मधले दोन पक्के दात आले की सव्वा-दीड वर्षाचा, चार दाती म्हणजे दोनच्या आसपास. खालचे दात वरच्या कडेला नीट टेकले पाहिजेत, जबडा पुढं-मागं नको. दोन्ही वृषणं हातात घेऊन चाचपा, सारखी, घट्ट आणि गाठ नसलेली हवीत. एकच उतरलेलं असेल तर फुकट दिला तरी नको. बोकडाची सडंही मोजा. बोअरमध्ये जोडसडांचा (दोन सडं एकमेकांना चिकटलेली असण्याचा) दोष दिसतो आणि तो लेकींत उतरतो. मागून चालवत न्या, ढोपरं एकमेकांना घासत असतील तर तो शेळीवर नीट चढणार नाही.

उस्मानाबादीत निम्म्याच्या आसपास शेळ्या भुंड्या असतात. अशा शेळ्यांवर भुंडा बोकड कधीच घालू नका. दोन्हीकडून बिनशिंगी गुण आला की काही मादी करडं नर-मादी मिश्र अवयवांची, वांझ जन्मतात. बोकड शिंगाचाच घ्या, प्रश्नच मिटतो.

पैसे देण्याआधी ब्रुसेलोसिसची (शेळ्या गाभडवणाऱ्या संसर्गाची) रक्ततपासणी करून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना कुठं पाठवायचा ते सांगतात. हा रोग माणसालाही होतो, म्हणून विकणारा नाराज झाला तरी चालेल.

सातवी पायरी: आणल्यानंतर

नवा बोकड महिनाभर कळपापासून वेगळा ठेवा. पीपीआर आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस, जंतनाशक, खुरं साळणं या महिन्यात उरकून घ्या. त्याच्या जुन्या गोठ्यातला थोडा चारा सोबत आणून हळूहळू बदला. एका पूर्ण वाढलेल्या बोकडाला २५ शेळ्या पुरे, वर्ष-सव्वा वर्षाच्या तरण्या बोकडाला त्याच्या निम्म्या. त्याला कळपात मोकळा सोडू नका. माजावरची शेळी ओळखायला दुसऱ्या एखाद्या बोकडाच्या पोटाला गोणपाट बांधून सकाळ-संध्याकाळ फिरवा. शेळी शेपूट हलवत त्याच्यापुढं थांबली की तिला बाजूला काढा. माज साधारण दीड दिवस टिकतो आणि राहिली नाही तर २१ दिवसांच्या आसपास परत येतो. भरवण्याच्या दोन-तीन आठवडे आधी शेळ्यांना रोज पाव किलो मक्याचा भरडा सुरू केला की जुळ्यांचं प्रमाण वाढतं.

पश्चिम भागात फेब्रुवारी-मार्चला शेळ्या भरवणं टाळा, नाहीतर करडं नेमकी जुलै-ऑगस्टच्या झडीत पडतात. मे-जूनला भरवलेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वितात, तेव्हा पाला भरपूर असतो आणि उन्हंही बरी असतात.

पहिल्या दिवसापासून वही ठेवा: बिल्ला नंबर, आई, बाप, जन्मतारीख, जुळं की एकटं, जन्माचं वजन, तीन आणि सहा महिन्यांचं वजन, विकल्याचं वजन आणि भाव. देशी बापाची आणि संकरित करडं एकाच गव्हाणीवर ठेवून सहा महिन्यांच्या वजनातला फरक काढा. त्या फरकाचे पैसे आणि जादा खाल्लेल्या भरड्याचे पैसे शेजारी-शेजारी मांडा. अडलं तर कणेरीचं सिद्धगिरी आणि तळसंद्याचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहेत, आणि शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार लांब नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढं ५० टक्के भांडवली अनुदान आहे. पहिल्याच वर्षी त्यासाठी शंभर शेळ्या घेऊ नका. वीस-पंचवीसचा कळप दोन वेतं सांभाळून, वहीतले आकडे हातात घेऊन मग अर्ज करा.

देशी बोकड दोन वर्षांनी बदलावाच लागतो, कारण तोवर त्याच्या लेकी भरवायला आलेल्या असतात. त्याच्या जागी येणारा बोकड, जुन्याला कळपात दीड वर्ष होतानाच शोधायला लागा, म्हणजे महिनाभर वेगळा ठेवून, रक्त तपासून, लसी देऊन तो वेळेवर तयार होतो. मटणाच्या बोकडाला ही घाई नाही. त्याची एकही लेक कळपात ठेवली नसेल तर तो धडधाकट असेपर्यंत वापरता येतो.